चार सेकंद उशिरा

टेबलावर नऊ ठोकळे आहेत. प्रत्येकाच्या दोन बाजू पूर्ण लाल, दोन पूर्ण पांढऱ्या आणि उरलेल्या दोन तिरक्या कापल्यासारख्या, अर्ध्या लाल अर्ध्या पांढऱ्या. समोरच्या उघड्या पुस्तिकेत एक नमुना छापलेला आहे, पण एक ठोकळा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते दाखवणाऱ्या रेषा त्यात नाहीत. दहा वर्षांची मुलगी नमुन्याकडे बघते, ठोकळा उचलते, फिरवते, ठेवते, पुन्हा उचलते. तिची पद्धत ठरलेली आहे. आधी चार कोपरे, मग बाजू, शेवटी मधला. मधला ठोकळा तिच्या चिमटीत तीनदा फिरतो, कारण तिरकी बाजू नेमकी कुठे वळायला हवी याची तिला खात्री करून घ्यायची आहे. टेबलाच्या पलीकडे फॉर्मच्या आडोशाला स्टॉपवॉच चालू आहे. ती ठोकळा बसवते तेव्हा त्यावर १२४ सेकंद झालेले असतात. नमुना हुबेहूब जमला आहे. ती मान वर करून हसते. परीक्षक ‘बरं, आता पुढचं बघू’ म्हणतो आणि चौकटीत शून्य लिहितो, कारण मर्यादा १२० सेकंदांची होती.

बुद्धिमापनाच्या खोलीत हे वरचेवर घडतं आणि त्यात परीक्षकाचं काहीच चुकलेलं नसतं. वेळ संपली तरी मूल अगदी जमवतच आणलं असेल तर त्याला पुरं करू द्यावं, हिरमुसू देऊ नये, इतकी मोकळीक नियमातच असते. गुण मात्र द्यायचे नसतात. म्हणून मुलगी हसते तेव्हा खोलीतल्या दोघांपैकी एकालाच शून्य ठाऊक असतं. रुखरुख त्या हसण्याची लागते. शिवाय शून्याला शेपूट असतं. लागोपाठ ठरावीक शून्यं पडली, कुठे दोन, कुठे तीन, की ती उपचाचणी तिथेच थांबवायची असते. आधीच्या नमुन्यात तिची एक तिरकी बाजू उलटी बसली असेल, तर हे चार सेकंद तिला पुढचे नमुने दिसूच देत नाहीत. ते तिला जमले असते की नाही हा प्रश्नच मग उरत नाही. फॉर्मवर त्यांच्यासमोर रिकाम्या चौकटी राहतात आणि बेरजेत रिकामी चौकट शून्यासारखीच मोजली जाते.

चार सेकंद देऊन टाकायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. हरकत आहे, आणि ती मनापासून पटण्यासारखी आहे. या चाचणीतल्या कच्च्या गुणांना, म्हणजे चौकटींतल्या नुसत्या बेरजेला, स्वतःचा असा काही अर्थ नसतो. त्याच वयाच्या इतर मुलांच्या गुणांशी ताडून पाहिल्यावरच त्यांना अर्थ येतो. मानकं, म्हणजे या तुलनेचे वयवार तक्ते, तयार करताना ज्या मुलांची चाचणी घेतली, त्यांना प्रत्येकाला १२० सेकंदच मिळाले होते. त्यांच्यातही १२२व्या, १२५व्या सेकंदाला नमुना पुरा करणारी मुलं असणारच, आणि त्यांच्या चौकटीतही शून्यच पडलं. आज एकीला चार सेकंद जास्त दिले, तर तिची तुलना अशा गटाशी होईल ज्याला ती सवलत नव्हती. वाढून आलेला आकडा मग तिच्याबद्दल काही सांगणार नाही, परीक्षकाच्या कनवाळूपणाबद्दल सांगेल. प्रमाणित चाचणी म्हणजे सर्वांना सारखी वागणूक, हे वाक्य ऐकायला रुक्ष वाटतं. पण वशिल्याच्या, नात्यागोत्याच्या आणि चेहरे बघून दिलेल्या संधींच्या जगात या रुक्षपणालाही मोल आहे.

मात्र ही सारखी वागणूक किती नाजूक असते ते जवळून पाहायला हवं. आकडे ऐकून तसेच म्हणून दाखवण्याची उपचाचणी घ्या. प्रत्येक आकडा सेकंदाला एक या गतीने, सपाट आवाजात, मध्ये कुठेही न थबकता वाचायचा. शेवटच्या आकड्यावर आवाज किंचित खाली आणायचा, म्हणजे मुलाला कळतं की आता त्याची पाळी. मालिका पुन्हा वाचायची नाही. दिवसातली चौथी चाचणी घेणारा परीक्षक थकतो आणि नकळत फोन नंबर सांगावा तसे दोन-दोनचे गट पाडून वाचू लागतो. गट पडले की लक्षात ठेवणं सोपं होतं आणि मुलाची स्मरणशक्ती आहे त्याहून कागदावर मोठी दिसते. शब्दार्थांच्या उपचाचणीत हेच उलट बाजूने होतं. ‘बेट’ म्हणजे काय, असं विचारलं आणि मूल म्हणालं, ‘ते पाण्यात असतं.’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. अशा वेळी ‘आणखी सांग’ एवढंच म्हणायचं, मान डोलवायची नाही, सुचवायचं नाही, आणि आपण विचारलं याची खूण फॉर्मवर करायची. पुष्कळदा मूल लगेच म्हणतं, ‘चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये जमीन.’ दोन गुण. जो परीक्षक हे विचारायला विसरतो, त्याच्या टेबलावर तेच मूल एका गुणावर राहतं किंवा शून्यावर. मग वयाचा हिशेब. वर्षं, महिने, दिवस अशी वजाबाकी हाताने करताना हातच्याची चूक होते. काही चाचण्यांत मानकांचा तक्ता दर चार महिन्यांनी बदलतो. १० वर्षं ३ महिने २९ दिवसांच्या मुलाचा तक्ता एक आणि आणखी दोन दिवसांनी तेच मूल तितकेच कच्चे गुण घेऊन आलं तर तक्ता दुसरा. त्या दोन दिवसांत त्याचा प्रमाणित गुण एकाने घसरू शकतो.

या सगळ्यातून जो आकडा निघतो तो अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक छापला जातो.

त्या आकड्याला लागून दुसरा एक आकडा असतो, पहिला किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगणारा, आणि माझ्या मते तोच आधी वाचायला हवा. बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५ ठेवलेलं असतं. ८५ ते ११५ या पट्ट्यात साधारण ६८ टक्के लोक येतात. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे तिचे गुण किती स्थिर राहतात त्याचं १पर्यंतचं माप, ०.९० असेल, आणि ती चांगलीच समजली जाते, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकड्यातली नेहमीची चूक, १५ गुणिले ०.१०चं वर्गमूळ, म्हणजे ४.७ गुण. ९५ टक्के खात्रीचा पट्टा हवा तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ गुण धरावे लागतात. १०० म्हणजे ९१ ते १०९. विश्वसनीयता ०.९६ असली, तरी हा पट्टा ९४ ते १०६ इतका रुंद राहतो. दोन आकड्यांची तुलना करताना दोघांच्याही चुका एकत्र येतात. ०.९० विश्वसनीयतेच्या दोन निर्देशांकांत, म्हणजे अहवालातल्या वेगवेगळ्या क्षमतांच्या आकड्यांत, १३ गुणांहून कमी अंतर असेल, तर ते निव्वळ योगायोगाचंही असू शकतं. तरीही ‘शाब्दिक क्षमता कृतिक्षमतेपेक्षा ८ गुणांनी कमी’ या ओळीवरून मुलाची अख्खी शिकवणी ठरवली जाते. शिवाय हा पट्टा फक्त चाचणीच्या आतल्या चुकांचा असतो. सर्दी, रात्रीची अपुरी झोप, अनोळखी परीक्षकापुढे बसलेली जीभ, आकडे जोडीजोडीने वाचणारा आवाज, हे सगळं त्या गणितात पुरतं येत नाही.

पट्ट्याचा विसर पडला की काय होतं हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला मृत्युदंड देता येणार नाही, असं त्या न्यायालयाने २००२मध्ये ठरवलं. फ्लोरिडा राज्याने त्यासाठी ७०ची रेघ आखली. बुद्ध्यांक ७०च्या वर असेल, तर बाकीचे पुरावे पाहायचेच नाहीत. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा आकडा होता ७१. २०१४मध्ये न्यायालयाने सांगितलं की मापनाची त्रुटी डोळ्याआड करणारी अशी कडक रेघ घटनेला धरून नाही. त्या निकालात प्रमाण त्रुटीची चर्चा एखाद्या पाठ्यपुस्तकात असावी तशी आहे, आणि तिच्यावर एका माणसाचा जीव अवलंबून होता. दुसरी गोष्ट मानकांच्या वयाची. बुद्ध्यांकांचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७मध्ये दाखवून दिलं की पिढ्यांगणिक लोकांचे कच्चे गुण वाढत आले आहेत, अमेरिकेत दर दशकाला साधारण तीन गुणांच्या वेगाने. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वीस वर्षं जुन्या मानकांवर तपासलेल्या मुलाचा आकडा सहाएक गुणांनी फुगलेला असू शकतो. जुन्या संचावर ७३ आलेलं मूल नव्या संचावर ६७वर उतरतं. मदत मिळण्याची रेघ ७०वर असेल, तर कपाटात कोणती पेटी आहे यावर तिचं मिळणं ठरतं.

हे वाचताना मनात संताप येतो, आणि या विषयाच्या इतिहासात संताप यावा असं बरंच आहे. आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी १९०५मध्ये पॅरिसमध्ये तीस प्रश्नांची मोजपट्टी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शोधून त्यांना वेगळी मदत देण्यासाठी. बुद्धी ही लांबी-रुंदीसारखी मोजता येणारी गोष्ट नाही, हे बिने यांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं. पण त्यांच्याही १९०८च्या संचात एक प्रश्न असा होता, की दोन चेहऱ्यांपैकी जास्त सुंदर कोणता. उत्तर ‘बरोबर’ यायला आधी सुंदर कशाला म्हणायचं हे त्यांच्यासारखंच शिकलेलं असावं लागत होतं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख लोकांची चाचणी घेतली. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’ चाचणी होती आणि सूचना हातवारे करून दिल्या जात. एका भागात चित्रात काय राहिलं आहे ते काढून दाखवायचं होतं. टेनिसच्या मैदानावरची जाळी, ग्रामोफोनचा कर्णा. नुकतेच बोटीतून उतरलेले, पेन्सिलही क्वचितच धरलेले शेतमजूर त्या चित्रांपुढे बसले होते. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी त्या आकडेवारीवरून १९२३मध्ये वंशावंशांची बौद्धिक उतरंड मांडली, १९२६मध्ये कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा बांधून दिली, आणि १९३०मध्ये आपली ती मांडणी निराधार होती असं स्वतःच लिहून दिलं. पण अमेरिकेचा १९२४चा स्थलांतरितांना रोखणारा कायदा तोवर सहा वर्षं राबवून झाला होता.

आजच्या चाचण्यांत टेनिसची जाळी नसते. पण चाचणी जे गृहीत धरते ते नेहमी चित्रातच दिसतं असं नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२मध्ये उझबेकिस्तानात निरक्षर शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका अशी चित्रं ठेवली आणि यातलं वेगळं काय, असं विचारलं. शेतकरी म्हणाले, चारही हवेत. करवत आणि कुऱ्हाड काय हवेत चालवायची? तीन अवजारं आणि एक वस्तू, ही वर्गवारी त्यांना सांगून पाहिली तरी निरुपयोगी वाटली. लायबेरियातल्या क्पेले लोकांकडेही असंच झालं. वस्तूंची विभागणी करायला सांगितल्यावर त्यांनी एकमेकींबरोबर वापरल्या जाणाऱ्या वस्तू एकत्र ठेवल्या. मग विचारलं, एखादा मूर्ख माणूस हे कसं करेल? तेव्हा त्यांनी लगेच वस्तूंच्या प्रकारांप्रमाणे वेगळे ढीग करून दाखवले. म्हणजे वर्गवारी त्यांना येत होती, पण शहाणा माणूस तसं करत नाही असं त्यांचं मत होतं. आजच्या ‘साम्य सांगा’ प्रकारच्या प्रश्नांत ‘दोन्ही लाकूड कापायला लागतात’ याला कमी गुण आणि ‘दोन्ही अवजारं आहेत’ याला पूर्ण गुण, हे पाहिलं की ते शेतकरी आठवतात.

भाषेचं ओझं याहून गुपचूप येतं. एलिस आणि हेनेली या संशोधकांनी १९८०मध्ये दाखवलं, की वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांना वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात राहतात, कारण वेल्श आकड्यांचे उच्चार लांब आहेत. स्मरणशक्ती तीच, जिभेला लागणारा वेळ वेगळा. मराठीत तोंडी गणित विचारलं, तर ‘एकोणऐंशी’ ऐकताच मुलाच्या हाती प्रथम ‘ऐंशी’ लागतं आणि त्यातून एक वजा करून मगच ७९ मिळतात. जिथे मूळ चाचणीत फक्त संख्या ऐकायची होती, तिथे भाषांतरात एक जादा पायरी तयार होते. नुसते शब्द बदलून चाचणी दुसऱ्या भाषेत जात नाही. प्रश्नांची काठिण्यपातळी नव्याने तपासावी लागते, त्यांचा क्रम बदलावा लागतो, कारण थांबण्याचा नियम ‘सोप्याकडून अवघडाकडे’ या क्रमावरच उभा असतो, आणि मानकं पुन्हा काढावी लागतात. यातलं सगळ्यात खर्चिक काम शेवटचं. टाळलं जातं तेही तेच.

पक्षपात शोधण्याची शास्त्रीय रीत आहे आणि ती चांगली आहे. दोन गटांतली एकूण गुण सारखे असलेली मुलं घ्यायची आणि एकेका प्रश्नावर त्यांची तुलना करायची. एकूण गुण सारखे असूनही एखादा प्रश्न एकाच गटाला सतत जड जात असेल, तर त्या प्रश्नात काहीतरी खोट आहे. अशा गाळणीतून शेकडो प्रश्न बाद होतात. पण गाळणी ज्या एकूण गुणांवर उभी आहे, ते याच चाचणीचे असतात. सगळेच प्रश्न एकाच बाजूला थोडे थोडे कललेले असतील, तर या रीतीला काहीच दिसत नाही. न्यायाची व्याख्या करायला गेलं की वाट आणखी अवघड होते. चाचण्यांच्या अभ्यासक अ‍ॅन क्लिअरी यांनी १९६८मध्ये मांडलं, की सारखे गुण मिळवणारे दोन्ही गटांतले विद्यार्थी पुढेही सरासरी सारखंच यश मिळवत असतील तर चाचणी न्याय्य. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी १९७१मध्ये दाखवलं, की अशीच चाचणी निवडीच्या वेळी मागच्या, म्हणजे सरासरी कमी गुणांच्या, गटावर अन्याय करू शकते. चाचणी आणि पुढचं यश यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीने बदलतात त्याचं माप, ०.५ आहे असं धरा. मग दोन गटांच्या गुणांत एका प्रमाण विचलनाचं अंतर असेल, तर पुढच्या यशात अंदाजे अर्ध्याच विचलनाचं अंतर पडतं. पण निवड होते ती गुणांवर, म्हणजे मोठ्या अंतरावर. यशस्वी होऊ शकणारे, पण रेघेच्या खाली राहिलेले, मागच्या गटात जास्त निघतात. दोन्ही व्याख्या प्रामाणिक आहेत आणि गटांच्या सरासरीत फरक असेल, चाचणी अचूक नसेल, तर त्या दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. इथे संख्याशास्त्र हात टेकतं. कोणाची चूक कोणाला सोसायला लावायची हे माणसांनाच ठरवावं लागतं आणि आपण काय ठरवलं ते उघड सांगावं लागतं.

मग चाचण्या मोडीतच काढाव्यात का? ठामपणे हो म्हणावं, असं कितीदा तरी वाटतं, आणि दरवेळी एक उदाहरण आडवं येतं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी आधी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवावं लागे. २००५पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची एक बिनशब्दांची चाचणी घ्यायला सुरुवात झाली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी त्याचे परिणाम तपासले. गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुलं त्या वर्गांत ठळकपणे वाढली. ही मुलं आधीही त्याच बाकांवर बसत होती, तितकीच हुशार होती, फक्त कुणी त्यांचं नाव सुचवलं नव्हतं. पैसे कमी पडले, सर्वांची चाचणी बंद झाली आणि आकडे पुन्हा खाली आले. चाचणी काढून टाकली की पक्षपात जात नाही. तो माणसाच्या नजरेत परत जाऊन बसतो आणि नजरेची प्रमाण त्रुटी कुणी काढत नाही. म्हणून चाचणी वैध आहे का, म्हणजे मोजायचं तेच मोजते का, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. चाचण्यांचे अभ्यासक सॅम्युअल मेसिक यांनी १९८९मध्ये आग्रहाने मांडलं तसं, वैधता चाचणीच्या पेटीत नसते, गुणांचा जो अर्थ लावला जातो आणि त्यावरून जे केलं जातं त्यात असते. मदतीसाठी मुलं शोधणारी चाचणी मुलांना दाराबाहेर ठेवायला वापरली, तर तेच ठोकळे, तेच घड्याळ असूनही तिची वैधता पुन्हा शून्यापासून सिद्ध करावी लागते.

त्या मुलीचं शून्य बदलता येत नाही, आणि बदलू नये. पण फॉर्मला समास असतो. तिथे परीक्षकाने ‘१२४ से., बरोबर, आधी कोपरे’ एवढं लिहिलं, तर अहवाल वाचणाऱ्याला कळतं की हे न जमण्याचं शून्य नाही. पूर्ण संच संपल्यावर, गुणांची चौकट बंद झाल्यावर, राहिलेले नमुने घड्याळाविना पुन्हा मांडण्याची जुनी रीत आहे. त्याचे गुण धरायचे नाहीत, नोंद वेगळ्या शाईने करायची. पंधरा मिनिटं जास्त लागतात आणि दाराबाहेर पुढचं मूल थांबलेलं असतं, म्हणून ही पायरी सर्वांत आधी गळते. अहवालात एक वाक्य वाढतं: वेळेचं बंधन नसताना या मुलीने तिच्या थांबण्याच्या मर्यादेपलीकडचे नमुनेही अचूक पुरे केले, त्यामुळे इथला कमी गुण तिच्या गतीचा आहे असं वाचावं. वर्गात तिला पेपर सोडवायला जादा वेळ द्यायचा की तिला सोप्या वर्गात बसवायचं, हे त्या एका वाक्यावर फिरतं.

परीक्षक स्टॉपवॉच बंद करून बाजूला ठेवतो, पुस्तिकेचं आधी न उघडलेलं पान उलटतो आणि नऊ ठोकळे पुन्हा टेबलावर मांडतो. मुलगी आधी चार कोपरे लावते.